पूल खांबांवर की भरावावर?

परभणी जिल्ह्यातील पाथरी या तालुक्याच्या गावात आज दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. कल्याणहून निघून अहिल्यानगर, माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड असा तेलंगणातील निर्मलपर्यंत जाणारा पूर्वीचा २२२ क्रमांकाचा महामार्ग २०१० च्या फेरक्रमांकनानंतर ६१ क्रमांकाचा झाला. मंठा व सेलूकडून येऊन सोनपेठमार्गे परळीकडे जाणारा ५४८-ब हा दुसरा. गाव अर्थातच या दोन्ही रस्त्यांहून फार जुने. निजामशाही आणि इमादशाही या दोन सत्ता ज्या पाथरीवरून एकमेकींशी झुंजल्या, त्या पाथरीतून आता उसाच्या जोडट्रॉल्या, मानवतच्या बाजारपेठेकडे निघालेली कापसाची वाहने, लांब पल्ल्याचे ट्रक आणि साईबाबांचे जन्मस्थान म्हणून येणाऱ्या भाविकांच्या गाड्या एकाच डांबरावरून जातात. जन्मस्थानाच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा झाली आणि त्यावरून १९ जानेवारी २०२० रोजी शिर्डीत बंद पाळला गेला, तेव्हा पाथरीचे नाव राज्यभर चर्चेत आले. जन्मस्थानाचा वाद बाजूला ठेवला तरी भाविकांची रहदारी वाढणार, हे त्या चर्चेने स्पष्ट केले.

अशा गावांतून महामार्ग रुंद झाला, वाहनांचा वेग वाढला, चौकात अपघात होऊ लागले की उड्डाणपुलाची मागणी ओघानेच पुढे येते. निवेदने दिली जातात, रास्ता रोको होतो. शासकीय यंत्रणेची मोजपट्टी मात्र वेगळी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा त्याच काळात दहा जणांचा जीव गेला, तर ते ठिकाण अपघातप्रवण, म्हणजे ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. पुलाच्या प्रस्तावाला खरा जोर त्यानंतर येतो. म्हणजेच अनेक गावांत पूल मंजूर होतो तो मृत्यूंच्या नोंदीवर. इतकी किंमत मोजून मिळणारा पूल कसा असावा, याविषयी गावाने काही विचारणे मग गैर नाही. प्रत्यक्षात मंजुरीची बातमी आली की फटाके फुटतात आणि नकाशा कोणी पाहत नाही.

नकाशातील पहिला प्रश्न साधा आहे. वरून कोण जाणार, महामार्ग की गावाचा रस्ता? महामार्ग उंचावून गावाचा रस्ता खालून काढला तर चढ ट्रकला चढावा लागतो. महामार्ग जमिनीवर ठेवून गावाचा रस्ता त्यावरून नेला तर चढ बैलगाडीला, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि उसाने भरलेल्या ट्रॅक्टरला चढावा लागतो. दुसरा पर्याय बहुधा स्वस्त पडतो, कारण गावाचा रस्ता अरुंद आणि त्यावरचा पूलही अरुंद. महामार्गाची आखणीही सरळ राहते. समृद्धी महामार्गासारख्या प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर असे पूल अपरिहार्यपणे बांधले गेले. परंतु गावाच्या ऐन मध्यातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावर तीच पद्धत वापरली, तर ज्यांच्या सुरक्षेसाठी पूल झाला तेच लोक तो टाळून दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडू लागतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही महामार्गावर हे दृश्य पाहायला मिळते, आणि त्याचा दोष केवळ लोकांच्या बेशिस्तीला देता येत नाही.

या चढाचे गणित कोणालाही करता येण्याजोगे आहे. महामार्गावर पुलाखाली साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते. त्यावर गर्डर व स्लॅब यांची मिळून दोन ते अडीच मीटर जाडी धरली तर पुलावरचा रस्ता जमिनीपासून सुमारे आठ मीटर वर जातो. सपाट प्रदेशात ‘तिसास एक’ हा चढ सर्वसाधारणपणे ग्राह्य मानतात, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. आठ मीटर चढण्यासाठी दोनशे चाळीस मीटर लागतात. बैलगाड्या आणि ओझ्याच्या ट्रॉल्या धरून ‘चाळीसास एक’ असा सौम्य चढ घेतला तर तीनशे वीस. दोन्ही बाजू मिळून पाचशे ते साडेसहाशे मीटर झाले, आणि माथ्यावरचा गोलवा वेगळाच. ज्याला सर्वजण ‘पूल’ म्हणतात तो गाळा त्यात जेमतेम वीस-तीस मीटरचा असतो. बाकी सगळे चढ-उताराचे रस्ते, ज्यांना पोचमार्ग म्हणतात. उड्डाणपुलाचा मोठा हिस्सा असा पूल नसतोच.

हे पोचमार्ग मातीच्या भरावावर करायचे की खांबांवर, हा त्यामुळे गावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. खांबांवर केले तर खालची जागा मोकळी राहते. आठवडी बाजार, रिक्षाथांबा, पाणी, माणसे सगळे आरपार जाऊ शकते. भरावावर केले तर गावाच्या मधोमध आठ मीटरपर्यंत चढत जाणारी भिंत उभी राहते. भराव खांबांपेक्षा बराच स्वस्त असल्याने प्रस्तावात तोच येतो, आणि एकदा निविदा निघाली की बदल करणे म्हणजे खर्चवाढ, म्हणजे नव्याने मंजुरी. दुकानदारांना ही भिंत प्रथम दिसते ती काँक्रीटच्या चौकोनी पाट्या एकावर एक चढू लागतात तेव्हा. तोवर फार उशीर झालेला असतो.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गोदावरी आणि दुधना यांच्या मधला हा पट्टा खोल काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कापसाला आणि ज्वारीला ती वरदान आहे, बांधकामाला नाही. तिच्या कणांतील चिकणखनिजे पाण्याबरोबर आकारमान बदलतात, त्यामुळे तिच्यावर टेकलेली कोणतीही गोष्ट दरवर्षी किंचित वर-खाली होत राहते. परभणी जिल्ह्यातील घरांच्या भिंतींना पडणाऱ्या तिरप्या भेगा याच हालचालीची साक्ष देतात.

पुलाच्या खांबांपुरता हा प्रश्न अभियंत्यांनी केव्हाच सोडवला आहे. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खांबाच्या जागी जमिनीत भोक पाडून खालच्या थरांचे नमुने काढले जातात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर चिकण थर, मग मुरूम, मग झिजलेला आणि शेवटी टणक काळा पाषाण, असा दख्खनच्या पठारावरचा सर्वसाधारण क्रम. पाषाण उथळ असेल तर खड्डा खणून त्यावर थेट रुंद पाया घेतात. नदीकाठी गाळाचा थर जाड असतो, तेथे पाइल घ्यावे लागतात. मीटर-सव्वामीटर व्यासाचे खोल भोक यंत्राने पाडायचे, कडा ढासळू नयेत म्हणून त्यात बेंटोनाइटचे पाणी भरायचे, सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि तळापर्यंत पोचणाऱ्या नळीतून काँक्रीट ओतत वर यायचे, म्हणजे ते पाण्यात मिसळत नाही. पाइलचे टोक पाषाणात रुतवलेले असते. चार किंवा सहा पाइलच्या डोक्यावर एक जाड काँक्रीटची टोपी, तिच्यावर खांब, खांबावर आडवा माथा. काळी माती कितीही फुगो, पुलाचा भार तिच्यावर नसतोच. हे काम जमिनीखाली जाते, म्हणून त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण पुलाचे आयुष्य मुख्यतः येथे ठरते.

भरावाचे तसे नाही. तो काळ्या जमिनीवरच बसतो. चांगल्या कामात वरचा काळा थर आधी खरवडून काढतात आणि त्या जागी मुरूम भरतात. भरावासाठी काळी माती वापरण्यास तर मंत्रालयाच्या विनिर्देशांतच मनाई आहे. ज्या मातीचा फुगण्याचा निर्देशांक पन्नास टक्क्यांहून अधिक, ती भरावात चालत नाही. भराव एकदम टाकायचा नसतो. दाबल्यावर वीस सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही असा एकेक थर पसरायचा, त्यात मोजून पाणी मिसळायचे, कंप देणाऱ्या रोलरने दाबायचा, प्रयोगशाळेतील कमाल घनतेच्या किमान ९५ टक्के घनता आली की नाही हे तपासायचे आणि मगच पुढचा थर. आठ मीटरच्या भरावाला असे चाळीस थर लागतात. घाई येथेच होते, कारण एखादा थर तपासल्यावाचून झाकला गेला तर वरून काही दिसत नाही. तो दिसतो दोन पावसाळ्यांनंतर, पूल आणि भराव जेथे भेटतात तेथे वाहनाला बसणाऱ्या आचक्याने. पूल पाषाणावर उभा, भराव मातीवर बसत चाललेला. हा फरक झाकण्यासाठी सांध्यावर साडेतीन मीटरची काँक्रीटची पाटी टाकतात, तीही भराव फार बसला तर कलते.

गावात जागा नसते म्हणून भरावाच्या बाजू उतरत्या न ठेवता उभ्या कराव्या लागतात. आठ मीटर उंच भराव नैसर्गिक उतारावर सोडला तर तळाशी पन्नास मीटरहून अधिक रुंदी लागेल. म्हणून दर्शनी काँक्रीट पाट्या आणि त्यांना जोडून मातीच्या थरांत आडव्या अंथरलेल्या पट्ट्या किंवा जाळ्या, अशी सबलीकृत मातीची भिंत उभारतात. माती स्वतःच्या वजनाने पट्ट्या दाबून धरते आणि पट्ट्या पाटीला बाहेर पडू देत नाहीत. रचना कल्पक आहे, काटकसरीचीही आहे. तिची एकच अट: आत पाणी साठता कामा नये. पाटीमागे खडीचा निचऱ्याचा थर हवा आणि खाली उतरणाऱ्या पाण्याला वाट हवी. मातीत पाणी मुरले, बारीक कण सांध्यांतून वाहून गेले, की पाट्या पोटाकडून फुगतात. अशी फुगलेली भिंत एकदा दिसली की डागडुजी पुरत नाही.

आता हा मुरूम येतो कोठून? भरावाची रुंदी वीस मीटर धरली, तर दोन्ही पोचमार्गांना मिळून अडतीस हजार घनमीटरच्या पुढे दाबलेला भराव लागतो. सैल मुरूम त्याहून चतुर्थांशाने अधिक. एका मोठ्या टिपरमध्ये पंधरा घनमीटर मावतो असे धरले तरी तीन हजारांहून अधिक खेपा होतात. एवढा मुरूम पाथरी परिसरातील सपाट काळ्या शिवारात मिळत नाही. टेकड्या, ओढ्याकाठ, जुने तलाव शोधावे लागतात. गौण खनिजाचे स्वामित्वधन भरले का, उत्खननाची परवानगी किती होती आणि खोदले किती, हे वाद तालुका पातळीवर महसूल यंत्रणेसमोर येत राहतात ते यातूनच. विदर्भात ‘बुलडाणा पॅटर्न’ नावाने गाजलेला प्रयोग याला उत्तर म्हणून पुढे आला. महामार्गासाठी लागणारी माती व मुरूम तलाव, नाले यांच्या खोलीकरणातून घ्यायचे, म्हणजे रस्त्याला भराव मिळतो आणि गावाला पाणीसाठा. कल्पना उत्तम आहे. मात्र कोणत्या तलावात भरावायोग्य मुरूम आहे आणि कोणत्यात केवळ काळा गाळ, हे आधी तपासले तरच ती उपयोगी पडते.

भरावाचा दुसरा परिणाम पाण्यावर होतो. पाथरी तालुक्याच्या दक्षिणेने गोदावरी वाहते. ढालेगाव व मुद्गलचे बंधारे तिच्यावर आहेत, जायकवाडीचा डावा कालवा याच परिसरातून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून गोदापात्रात तीन लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग करावा लागला आणि काठची शिवारे पाण्याखाली गेली. पूर नदीचा होता हे खरे. परंतु सपाट जमिनीवर पडलेले पाणी नदीकडे जाताना आडवा येणारा प्रत्येक उंच रस्ता बांधाचे काम करतो, हेही तितकेच खरे. भरावाखालच्या मोऱ्यांची संख्या आणि रुंदी जुन्या नकाशावरील नाल्यांवरून ठरते. शेते सपाट झाल्यावर, प्लॉटिंग झाल्यावर पाणी कोणत्या वाटेने जाते, हे त्या नकाशात नसते. ते शेजारच्या शेतकऱ्याला माहीत असते. त्याला विचारण्याची तरतूद निविदेत नसते, एवढेच.

खालून जाणाऱ्या वाटेचे मापही असेच तपासून घ्यावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत मोठ्या भुयारी मार्गाला साडेपाच मीटर उंची आहे. हलक्या वाहनांच्या मार्गाला मात्र चारच मीटर. कागदावर चार मीटर पुरेसे वाटतात. काठोकाठ लादलेली उसाची ट्रॉली किंवा कापसाने फुगलेली गाडी समोर आली की ते अपुरे पडतात, आणि खालून डांबराचे दोन थर चढले की आणखी कमी होतात. हलक्या वाहनांचा मार्ग कोठे आणि मोठा कोठे, हा निर्णय वाहनांच्या मोजणीवर अवलंबून असतो. ही मोजणी सात दिवसांची असते. ती गाळप हंगामात झाली की जून महिन्यात, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

यानंतर येतो तो लोकांना दिसणारा टप्पा, गर्डरचा. पंचवीस-तीस मीटरचे गर्डर जवळच्याच मोकळ्या आवारात ओततात. त्यांच्या पोटातून पोलादी तारांच्या जुड्या नेलेल्या असतात. काँक्रीटला पुरेशी ताकद आली की या तारा जॅकने ताणून टोकांना घट्ट करतात. ताणलेली तार आखडू पाहते आणि काँक्रीटला दाबून धरते, त्यामुळे वरून भार आला तरी गर्डरच्या तळाशी भेग पडत नाही. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे असताना हे काँक्रीट दिवसा ओतणे धोक्याचे, म्हणून रात्री ओततात. आणि पुढचे किमान दोन आठवडे ते ओले ठेवावे लागते. टंचाईच्या महिन्यांत टँकरने पाणी आणून काँक्रीटला पाजायचे, हे गावकऱ्यांना पटत नाही. त्या पाण्यात कपात केली तर त्याचे मोल पूल पुढची कित्येक वर्षे देत राहतो.

तयार गर्डर पन्नास-साठ टनांचा असतो. तो दोन क्रेनने उचलून खांबांच्या माथ्यावरील बेअरिंगवर ठेवायचा, तोही रात्री, वाहतूक थांबवून. एकटा गर्डर उंच आणि अरुंद असतो. शेजारच्या गर्डरांशी आडव्या तुळयांनी जोडला जाईपर्यंत तो कलंडू शकतो. म्हणून त्याला लगेच टेकू व बांधणी द्यावी लागते. पूल बांधकामातील सर्वाधिक जोखीम याच काही रात्रींत असते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि २० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या उड्डाणपुलाचा भाग गर्डरसह खाली आला. तेथे जीवितहानी झाली नाही, हे केवळ सुदैव. दोन्ही पूल तेव्हा वाहतुकीला खुले झालेले नव्हते. वापरातील पुलांच्या तपासणीविषयी बरीच चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण बांधकाम चालू असलेल्या पुलाखालून गावाची रहदारी किती दिवस आणि कोणत्या वेळी चालू ठेवायची, याचा निर्णय गावाला विश्वासात घेऊन होताना क्वचितच दिसतो. कामावरचे मजूर तर बहुतेकदा परप्रांतातून आलेले. त्यांच्या बाजूने विचारणारे गावात कोणी नसते.

पाथरीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. जवळचे मानवत रोड. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटर लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. त्यामुळे या लोहमार्गावरून जाणाऱ्या कोणत्याही नव्या पुलाचा मधला गाळा दुसऱ्या रुळासाठी जागा सोडूनच आखावा लागेल. रेल्वेवरील पुलाचा आराखडा रेल्वेकडून मंजूर व्हावा लागतो, आणि रुळांवरच्या भागाचे काम गाड्या थांबवून मिळालेल्या काही तासांतच करता येते. दोन्ही बाजूंचे पोचमार्ग पूर्ण आणि मधला गाळा रिकामा, असे अर्धवट पूल राज्यात अनेक ठिकाणी दिसतात त्याचे मोठे कारण या दोन यंत्रणांच्या वेळापत्रकांतील अंतर हे आहे.

पूल पूर्ण झाल्यावर त्याची भारचाचणी घेता येते. ठरलेले वजन चढवून चोवीस तास ठेवतात, उतरवतात आणि पुढच्या चोवीस तासांत वाकलेला गाळा किती परत वर येतो हे मोजतात. ताणलेल्या तारांच्या पुलात तो किमान ८५ टक्के परत यावा लागतो. भरावाला अशी चाचणी नाही. त्याच्यासाठी थरागणिक घेतलेल्या घनतेच्या नोंदी हाच काय तो पुरावा, आणि त्या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात.

गावाने बोलायचे ते केव्हा, याचे उत्तर कायद्यात अंशतः सापडते. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ नुसार भूसंपादनाचा इरादा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत नोंदवता येते. ही मुदत जमीनमालकांना ठाऊक असते आणि त्यांच्या हरकती बहुधा मोबदल्याविषयी असतात. पोचमार्ग खांबांवर हवा, गाळा वीस मीटरचा हवा, शाळेसमोर वाट हवी, नाल्यावर मोरी हवी, या मागण्या जमिनीच्या नसल्याने त्या तेथे येत नाहीत. त्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होत असतानाच नगर परिषदेने आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून पाठवावे लागतात. त्याच ठरावात आणखी एक बाब लिहून घेणे बरे. पुलाशेजारचा सेवा रस्ता आणि त्याची गटारे पूल सुरू झाल्यावर कोणाच्या ताब्यात राहणार, महामार्ग यंत्रणेच्या की नगर परिषदेच्या? हे ठरलेले नसेल तर पहिल्या पावसाळ्यात गटार तुंबते, भुयारी मार्गात कमरेइतके पाणी साठते आणि दोन कार्यालयांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो.